मृगयेचा निषिद्ध काळ : दोन रूढ मतांचें परीक्षण

हरणांची शिकार वर्षांतून केव्हां सुरू व्हावी आणि केव्हां बंद व्हावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं शिकाऱ्यांचा किंवा वनखात्याचा वाटतो. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत त्यास जागा कां द्यावी, अशी शंका कोणी घेतली तर तींत नवल नाहीं. परंतु या प्रश्नाचा ऊहापोह करितांना इतिहासांतील प्रमाणें वारंवार पुढें केलीं जातात, आणि तीं ज्या रीतीनें केलीं जातात ती पाहून आम्हांस चार शब्द लिहिणें अवश्य वाटलें. प्रमाण खरें असूनही त्यावरून काढलेलें अनुमान खोटें असूं शकतें, याचें हें प्रकरण चांगलें उदाहरण आहे.

या विषयांत दोन मतें रूढ आहेत. पहिलें असें कीं, निषिद्ध काळाची कल्पना इंग्रजांनीं या देशांत आणिली. तत्पूर्वी येथील रानें बारा महिने शिकाऱ्यांस मोकळीं होतीं. दुसरें याच्या अगदीं उलट. अशोकानें व कौटिल्यानें दोन हजार वर्षांपूर्वींच शास्त्रशुद्ध निषिद्ध काळ ठरविला होता, इंग्रजांनीं त्याची केवळ नक्कल केली, असें हें दुसरें मत सांगतें. पहिल्या मतांत अज्ञान आहे, दुसऱ्यांत अभिमान आहे. आणि मूळ लेख समग्र न वाचण्याचा दोष दोहोंतही सारखाच आहे. आम्ही स्वतः पुष्कळ दिवस दुसऱ्या मताकडे झुकलेले होतों. सबब येथें जी टीका आहे तींतील कांहीं भाग आमच्याच पूर्वीच्या समजुतीवर आहे, हें प्रारंभींच सांगून टाकतों.

निषिद्ध काळ म्हणजे काय, हें आधीं निश्चित केलें पाहिजे. प्राण्याच्या प्रजोत्पत्तीस व पिलांच्या संगोपनास बाध येऊं नये एवढ्यासाठीं वर्षाच्या ज्या ठराविक मुदतींत त्याचा वध मना असतो, ती मुदत म्हणजे निषिद्ध काळ. म्हणून कोणताही जुना हुकूम पुढें आला कीं त्यास तीन प्रश्न विचारावे : प्राणी कोणता? दिवस कोणते? कारण कोणतें? या तिहींचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं तरच त्या हुकुमास निषिद्ध काळाचा कायदा म्हणतां येईल. एरव्हीं तो दुसऱ्या कशाचा तरी कायदा असेल.

पहिल्याच प्रश्नापाशीं एक अडचण उभी राहते. संस्कृतांत 'मृग' शब्दाचा अर्थ नेहमीं हरीण असाच होत नाहीं. रानांतील कोणत्याही श्वापदास तो लागतो. आपल्या मराठींतील 'हरीण' शब्दही सैल आहे. चितळ, सांबर, भेकर यांस आपण हरीण म्हणतों, तसेंच काळवीट व चिंकारा यांसही म्हणतों. वस्तुतः या दोन जाती निराळ्या. चितळ-सांबरांचीं शिंगें भरीव व फांद्यांचीं असून तीं गळून पुन्हां उगवतात. काळविटाचीं शिंगें पोकळ, हाडाच्या गाभ्यावर बसलेलीं आणि जन्मभर टिकणारीं असतात. हा भेद केवळ प्राणिशास्त्राचा नव्हे, प्रस्तुत विषयाशीं त्याचा निकट संबंध आहे, हें पुढें दिसून येईल.

आतां अशोकाकडे वळूं. त्याच्या लेखांपैकीं तीन या विषयास लागू पडतात. पहिल्या शिलालेखांत राजाच्या मुदपाकखान्यांतील वधाचा उल्लेख आहे : पूर्वीं तेथें रोज असंख्य प्राणी मारले जात, आतां दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जातात, त्यांतही हरीण नित्य नसतें, आणि पुढें हेही तीन मारले जाणार नाहींत. आठव्या शिलालेखांत पूर्वींचे राजे मृगयादि करमणुकीसाठीं विहारयात्रेस निघत, अशोकानें राज्याभिषेकास १० वर्षें झाल्यावर संबोधीस जाऊन त्याजागीं धर्मयात्रा सुरू केली, असें म्हटलें आहे. या आठव्या लेखाचाच एक तुकडा कोंकणांत सोपारें येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस इ. स. १८८२ त सांपडला, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाहीं. म्हणजे राजाच्या मृगयात्यागाची वार्ता शूर्पारकाच्या बंदरापर्यंत दगडावर कोरून पोंचविलेली होती. पण या दोन्ही लेखांत काळाची मर्यादा कोठेंच नाहीं. एकांत राजगृहांतील वध कमी करण्याची व पुढें बंद करण्याची गोष्ट आहे, दुसऱ्यांत राजाचा स्वतःचा छंद सुटल्याची. प्रजेनें अमुक महिन्यांत शिकार करूं नये, असें त्यांत नाहीं.

दुसऱ्या मताचा खरा आधार आहे पांचवा स्तंभलेख. तो अभिषेकानंतर २६ वर्षांनीं दिलेला असून दिल्ली, अलाहाबाद, लौरिया, रामपुरवा येथील स्तंभांवर कोरलेला आहे. त्यांत अवध्य प्राण्यांची लांब यादी आहे, वधास वर्ज्य असे दिवस आहेत, आणि गाभण व दुभत्या माद्यांस अभय आहे. या तीन गोष्टी एका लेखांत पाहून वाचक सहजच त्यांची सांगड घालतो, आणि निषिद्ध काळाचा कायदा त्याच्या मनांत उभा राहतो. परंतु लेखांत त्यांची सांगड घातलेलीच नाहीं. हें सविस्तर पाहणें जरूर आहे.

अवध्यांच्या यादींत पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कांसव, कांहीं मासे असे पुष्कळ जीव आहेत. हरणाचा संभव फक्त एका शब्दांत आहे. तो शब्द 'सिमले'. कित्येकांनीं तो संस्कृत 'सृमर' शब्दाशीं जोडून त्याचा अर्थ बारशिंगा असा केला आहे. हा अर्थ ग्राह्य धरला तरी बारशिंग्यास मिळालेलें अभय बारमाही आहे. तें ऋतूपुरतें नाहीं. चितळ, सांबर व काळवीट हे ज्यांची शिकार सर्वांत अधिक होत असली पाहिजे ते प्राणी यादींत नांवानें आलेले नाहींत. यादीच्या अखेरीस जे चतुष्पाद उपयोगास येत नाहींत व खाल्ले जात नाहींत ते सर्व अवध्य, असें एक सामान्य कलम आहे. हरीण खाल्लें जात होतें, हें पहिल्या शिलालेखावरूनच उघड आहे. म्हणून या कलमाचा आश्रय त्यास मिळत नाहीं.

गाभण व दुभत्या मादीस अभय देणारें कलम सर्वांत अधिक उद्धृत केलें जातें. तें शेळी, मेंढी व डुकरीण यांच्याविषयीं आहे, आणि त्यांचीं सहा महिन्यांच्या आंतील पिलेंही त्यांत येतात. प्रजोत्पत्तीचा विचार येथें स्पष्ट आहे व तो अत्यंत शहाणपणाचा आहे, यांत वाद नाहीं. पण हे प्रामुख्यानें दावणीचे व वाड्यांतले प्राणी आहेत, हरणी त्यांत नाहीं. शिवाय येथें दिवस मुळींच सांगितलेले नाहींत. मादी गाभण असेल तेव्हां, मग महिना कोणताही असो, ती अवध्य. म्हणजे प्राणी आहे, कारण आहे, पण काळ नाहीं.

याच्या उलट स्थिति दिवसांच्या कलमाची. तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांच्या लगतची चतुर्दशी व प्रतिपदा, आणि उपोसथाचे दिवस यांवर मासे मारूं व विकूं नयेत. याच दिवशीं नागवनांत व कोळ्यांच्या राखीव पाण्यांत इतरही जीव मारूं नयेत, असें हें कलम आहे. नागवनांतील इतर जीवांत हरणें येतात, हें आम्ही मान्य करितों. पण हे दिवस वर्षभर सारख्या अंतरानें विखुरलेले आहेत. फाल्गुनी, आषाढी व कार्तिकी पौर्णिमांस कोणती एखादी हरणी वितें, म्हणून ते निवडले, असें कोणी म्हणणार नाहीं. ते व्रताचे दिवस होते. त्या दिवशीं हिंसा नको, हा त्यांतील हेतु. येथें दिवस आहेत, पण कारण प्रजोत्पत्तीचें नाहीं. सारांश, लेखाच्या एका कलमांत कारण आहे, दुसऱ्यांत काळ आहे, आणि या दोहोंची गांठ वाचकानें स्वतःच्या मनांत मारलेली आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राची हकीकतही अशीच आहे. चातुर्मास्यांत अर्धा महिना, पौर्णिमांस चार रात्री आणि राजनक्षत्र व देशनक्षत्र यांस एक रात्र अवध असावा, तसेंच माद्यांचा व पिलांचा वध मना करावा, असें वचन त्या ग्रंथांत आहे खरें. पण तें कोठें आहे? तेराव्या अधिकरणांत, नव्यानें जिंकलेला मुलूख शांत कसा करावा हें सांगणाऱ्या प्रकरणांत. तेथें राजानें जित प्रजेचा वेष, भाषा व आचार स्वीकारावे, त्यांच्या देवतांच्या उत्सवांविषयीं आदर दाखवावा, असाच उपदेश चालला आहे, आणि अवधाचे दिवस त्याच ओळींत येतात. पहिल्या पानावरून शेवटच्या पानाकडे जाणारा वाचक त्यास राजनीतीचें एक अंग म्हणून वाचील. केवळ उतारा वाचणारा त्यास वनसंरक्षणाचा कायदा समजेल. सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत अभयवनांतील मृग, पशु, पक्षी व मत्स्य यांस मारणारास जबर दंड सांगितला आहे. तो नियम स्थळाचा आहे, काळाचा नाहीं. वांसरूं, वळू व दुभती गाय यांच्या वधास ५० पण दंड आहे. पण तोही पुन्हां पाळीव जनावरांचा. उलट आठव्या अधिकरणांत व्यसनांची तुलना करितांना कौटिल्य मृगयेची बाजू घेऊन तिचे गुण मोजतो : व्यायाम घडतो, कफ-पित्त व मेद कमी होतात, चल व स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांचें चित्त कळतें. या यादींत प्राण्यांच्या हिताचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

तिथिवारांवर बसविलेली हिंसाबंदी आपल्या देशांत पुढेंही दीर्घकाळ चालत आली. हीरविजयसूरींच्या प्रभावानें अकबरानें पर्युषणाचे दिवस अवध ठरविले. इ. स. १५७८ त भेऱ्याजवळ चाललेली मोठी हांक्याची शिकार त्यानें एकाएकीं थांबवून कोंडलेलीं जनावरें सोडून दिलीं. जहांगिरानें राज्यारोहणाच्या दिवसाचा म्हणून गुरुवार व बापाच्या जन्मवाराचा म्हणून रविवार, असे आठवड्याचे दोन दिवस पशुवधास वर्ज्य केले. हाच जहांगीर आपल्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत आपल्यासमक्ष २८,५३२ जनावरें पडलीं व त्यांतील १७,१६७ स्वतः मारलीं, हा हिशेब आत्मचरित्रांत समाधानानें देतो. आणि आपल्या आवडत्या मनसराज नांवाच्या हरणाच्या स्मरणार्थ जहांगीरपुराच्या रानांत हरणें मारूं नयेत, असा हुकूमही देतो. वार पाळले, स्थळ पाळलें. ऋतु मात्र कोठेंही पाळलेला नाहीं. ऋतूचा विचार आढळतो तो वेगळ्याच ठिकाणीं. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रांत, जें हरप्रसाद शास्त्री यांनीं इ. स. १९१० त प्रसिद्ध केलें, श्येनांस उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत पिसें टाकण्याच्या दिवसांत जपण्याचे नियम आहेत. म्हणजे तेथें ऋतूची काळजी घेतली आहे ती भक्ष्याची नव्हे, शिकारी पक्ष्याची.

येथवर वाचून पहिल्या मताचे कैवारी आपला पक्ष सिद्ध झाला असें मानतील. त्यांनीं घाई करूं नये. इंग्रजांच्या जुन्या अरण्यविधींत 'कुंपणमास' नांवाची मुदत होती : मध्यग्रीष्माच्या दिवसाच्या, म्हणजे २४ जूनच्या, पूर्वींचे पंधरा व नंतरचे पंधरा दिवस. या महिन्यांत तेथील हरिणी वितात, म्हणून रानांत कोणी शिरूं नये, असा दंडक असे. मॅनवुड यानें इ. स. १५९८ त अरण्यविधींवर लिहिलेल्या ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. प्राणी, दिवस व कारण हीं तिन्ही येथें जुळतात. खरा निषिद्ध काळ तो हाच. पण नराची शिकार २४ जूनपासून १४ सप्टेंबरपर्यंत कां मोकळी असे? त्या दिवसांत चरून चरून त्याच्या अंगावर चरबी चढलेली असते म्हणून. माजाचा ऋतु लागला कीं नर चारा टाकतो, रोडावतो, त्याच्या मांसास उग्र दर्प येतो. मग त्याची शिकार बंद होते. म्हणजे मादीचा काळ पाळण्याकडे पाहून ठरला, आणि नराचा पंगतीकडे पाहून. शिवाय हे नियम राजाच्या अरण्यांचे होते. रयतेचें शेत चरून जाणाऱ्या राजहरणास हात लावण्याची रयतेस सोय नव्हती, आणि त्याविरुद्धची ओरड इ. स. १२१७ च्या अरण्य-सनदेस कारण झाली. साऱ्या इंग्लंडास व वेल्सला लागू असा हरणांच्या निषिद्ध काळाचा आधुनिक कायदा इ. स. १९६३ चा, आणि स्कॉटलंडचा १९५९ चा. तेव्हां इंग्रजांनीं पूर्ण सिद्ध झालेलें एक शास्त्र येथें आणून दिलें, हेंही खरें नाहीं.

मग त्यांनीं येथें काय आणिलें? इ. स. १८७९ चा निलगिरीचा शिकारविषयक कायदा, १८८७ चा वन्य पक्ष्यांचा कायदा आणि १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा, हे त्यांतील मुख्य टप्पे. १९१२ च्या कायद्याचा मजकूर आम्हीं लक्षपूर्वक पाहिला. त्यांत एकही तारीख नाहीं. वर्षाचा अमुक भाग, किंवा सबंध वर्ष, एखाद्या जातीस अगर तिच्या माद्यांस व पिलांस निषिद्ध काळ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारास दिलेला आहे, एवढेंच. कायद्याची ही रचना शहाणपणाची होती. कारण तारखा त्या त्या मुलखांतील प्राण्यांवर सोडल्या होत्या. प्रश्न एवढाच कीं, मुलूख पाहून तारखा ठरविणें येथें सोपें होतें काय?

तें मुळींच सोपें नव्हतें. इंग्लंडांत लाल हरणाचा माज सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि वीण मे अखेर ते जून. दिवसमानाच्या मोठ्या फरकामुळें सारा कळप एका वेळीं वितो. आपल्याकडे तसें नाहीं. जॉर्ज शॅलर यांनीं कान्ह्याच्या रानांत केलेलीं निरीक्षणें इ. स. १९६७ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांवरून व इतर निरीक्षणांवरून मध्य भारतांतील स्थिति अशी दिसते. चितळाचीं पाडसें कोणत्याही महिन्यांत आढळतात, पण बहुतेक वीण हिंवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत होते. सांबराचा माज नोव्हेंबर-डिसेंबरांत, म्हणून वीण पावसाळ्याच्या तोंडाशीं. बारशिंग्याचा माज डिसेंबर-जानेवारींत व वीण पावसाळ्याच्या उत्तरार्धांत व त्यानंतर. काळविटास तर ठराविक ऋतूच नाहीं, त्याचीं पाडसें बारमास जन्मतात. आणि शिंगें गळत नसल्यामुळें शिंगांवरून ऋतु ओळखण्याची सांबराच्या शिकाऱ्याची खूण तेथें निरुपयोगी ठरते. 'हरीण' या एका शब्दाखालीं या सर्वांस गोळा करून पावसाळ्याचे चार महिने शिकार बंद ठेविली, तर सांबराचें व बारशिंग्याचें बरेंच रक्षण होईल. पण चितळाच्या माद्या नेमक्या मोकळ्या ऋतूंत पाडसांसह बंदुकीसमोर येतील. पावसाळ्यांत रानवाटा बंद असतात, हिंवताप असतो, गवत माथ्याएवढें वाढतें, म्हणून शिकारी तसाही घरींच बसतो. जी मनाई शिकाऱ्याच्या सोयीशीं तंतोतंत जुळते, ती प्राण्याच्या हिताशीं जुळतेच असें समजूं नये. ती पुन्हां पडताळून पाहावी.

या वादांत एका पक्षाचें म्हणणें ऐकण्याची वहिवाट नाहीं. तो पक्ष शेतकऱ्याचा. काळविटांचा कळप एका रात्रींत ज्वारीचें कोंवळें रान साफ करितो, आणि पिकाचा काळ निषिद्ध काळ पाहून येत नाहीं. १९१२ च्या कायद्यांत मालमत्तेच्या रक्षणासाठीं सद्भावानें केलेला वध अपराधांतून वगळला होता. ही सवलत न्याय्य होती. पण जिच्यांतून वाटेल त्यास वाटेल तेव्हां निसटतां येईल अशी पळवाटही तीच होती. पिकाचें रक्षण आणि छंदाची शिकार यांस एकाच मुदतीनें बांधणें शक्य नाहीं. पहिलें गरजेचें आहे, त्यास चौकशी व परवानगी हवी. दुसरें करमणुकीचें आहे, त्यास ऋतु हवा. हा भेद अशोकाच्या लेखांत अस्फुट स्वरूपांत दिसतो. मुदपाकखान्याची गोष्ट त्यानें एकीकडे ठेविली व विहारयात्रेची दुसरीकडे.

मुंबई राज्यांत इ. स. १९५१ त नवा कायदा झाला, पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशास लागू झाला. त्यांत काळवीट, चिंकारा व बारशिंगा प्रथम परिशिष्टांत जाऊन त्यांस बारमाही अभय मिळालें. चितळ-सांबरांसाठीं परवाने व निषिद्ध काळ कागदावर राहिले होते, तेही १९९१ च्या दुरुस्तीनें गेले. आतां भारतांत छंदाच्या शिकारीस मोकळा ऋतु नाहींच. उलट स्कॉटलंडांत हरणांची संख्या वाढून नवीं झाडें तगेनात, म्हणून २१ ऑक्टोबर १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२३ त, नर हरणांचा निषिद्ध काळ अजिबात काढून टाकण्यांत आला; माद्यांचा मात्र ठेविला. एका देशानें मोकळा ऋतु पुसला, दुसऱ्यानें नरांपुरता बंद ऋतु पुसला. दोहोंचीं कारणें प्राण्यांच्या संख्येंत आहेत; पंचांगांत नाहींत आणि पंगतींतही नाहींत.

आमचा निष्कर्ष येणेंप्रमाणें. निषिद्ध काळ केव्हां लागावा व केव्हां उठावा याचें उत्तर एकच : त्या प्रदेशांतील त्या जातीची मादी जड होते तेव्हां लागावा, आणि तिचें पाडस आईवांचून जगूं लागतें तेव्हां उठावा. हें उत्तर प्राचीनांस अज्ञात नव्हतें, शेळी-मेंढीच्या बाबतींत त्यांनीं तें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. पण रानांतल्या हरणीस त्यांनीं तें लाविलेलें नाहीं. इंग्रजांनीं आपल्या हरणीस लाविलें, पण आमच्या रानांतील अनेक जातींस तें लावण्यास लागणारें निरीक्षण त्यांचा कायदा झाल्यावर पन्नास वर्षांनीं झालें. अशोकाचें श्रेय यामुळें कमी होत नाहीं. ज्या राजानें स्वतःची मृगया सोडून मग प्रजेस उपदेश केला, रान व्यर्थ किंवा जीवहिंसेसाठीं जाळूं नये असें जो लिहून ठेवितो, त्याच्या नांवावर न केलेला कायदा चढविण्याची आवश्यकता नाहीं. त्यानें जें केलें तें पुरेसें मोठें आहे.

एक विनंती करून हा लेख संपवितों. जुन्या संस्थानांच्या दप्तरांत शिकारखान्याचे कागद, परवान्यांच्या नकला व शिकारबंदीचे जाहीरनामे असतात. संग्राहक त्यांस सामान्यतः किरकोळ समजून बाजूस टाकतात. ज्यांच्या हातीं असे कागद येतील त्यांनीं त्यांतील तारीख, प्राण्याचें नांव व मनाईचें कारण या तीन गोष्टी मुळाबरहुकूम उतरून प्रसिद्ध कराव्या. कारण दिलेलें नसेल तर तें आपल्या पदरचें घालूं नये.